टेस्टरीणबाई

"टेस्टर? वर जा, जिना चढून उजवीकडे. पण बाई, पावडर-बिवडर लावून नाही ना आलात? सेंट? परवा एक पाहुणे घमघमत आले होते, त्यांना दारातूनच परत पाठवलं."

गेटवरच्या वॉचमनने असं विचारलं आणि बाईंना हसूच फुटलं. पावडर म्हणे! लग्न होऊन या शहरात आल्यापासून ज्या बाईने पावडरीचा डबा घरात आणला नाही, अंगाला लावला तो बिनवासाचा साबण आणि डोक्याला लावलं ते बिनवासाचं तेल, तिला हा विचारतोय. आज निघतानासुद्धा त्यांनी हात पुन्हा पुन्हा चोळून धुतले होते, भांड्यांचा वास राहायला नको म्हणून.

"नाही हो," त्या म्हणाल्या. "त्यांच्याच घरची आहे मी. चष्मा विसरलेत, तो द्यायला आले."

चष्मा सकाळी जेवणाच्या टेबलावर राहिला होता. बाईंनी आधी वाट पाहिली, कोणाला तरी पाठवून नेतील म्हणून. मग त्यांचा जीव राहीना. 'आधी रंग बोलतो, मग वास, मग चव' हे साहेबांचं, म्हणजे बाईंच्या नवऱ्याचं, वाक्य घरात सगळ्यांना पाठ होतं. चष्म्याशिवाय माणसाला कपातला रंग दिसणार कसा? दिवसभराचं काम पाण्यात जाईल आणि संध्याकाळी घरात धुसफूस होईल ती वेगळीच. शेवटी त्यांनी चष्मा रुमालात गुंडाळला आणि बस पकडली. इतक्या वर्षांत त्या कंपनीत पहिल्यांदाच येत होत्या. साहेबांची सक्त ताकीद होती, "तिथे घरचं माणूस नको. बाहेरचा एक वास आत आला की सगळे कप फुकट."

कॉलनीत डॉक्टरच्या बायकोला डॉक्टरीणबाई म्हणत, वकिलाच्या बायकोला वकिलीणबाई, तसं यांना टेस्टरीणबाई. कोणीतरी चेष्टेत सुरू केलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. बाईंना ते आवडायचं, उगाच खोटं कशाला बोला. नवरा काय करतो असं कोणी विचारलं की त्या पदर सावरून सांगायच्या, "जपानी हिरवा चहा चाखतात. एक घोट घेतला की सांगतात, पाला कोवळा खुडलाय की जून, वाफ कमी दिली की जास्त, बोटीत ओल लागली की काय." ऐकणारा आ वासायचा. मग बाईंना आणखी चेव यायचा आणि त्या जिभेपायी घरात काय काय चालत नाही, याची कथा सुरू व्हायची.

ती कथाही काही लहान नव्हती. घरात लसूण नाही. कांदा परतायचा नाही. मिरची, मसाला असल्या गोष्टींचं नावच काढायचं नाही. फुलदाणी होती पण तिच्यात पेन्सिली ठेवलेल्या. फरशी नुसत्या पाण्याने पुसायची. जेवायला उकडलेल्या भाज्या, मऊ भात, मीठ बेताचं. लेक शाळेत असल्यापासून कुरकुरायची. "आई, आपल्या घरात जेवण नसतं गं, पथ्य असतं. आपल्यापैकी आजारी कोण आहे ते तरी सांग," असं ती म्हणायची. कॉलेजला तिने मुद्दाम लांबचं गाव निवडलं, नोकरीही तिकडेच धरली. अजूनही माहेरी येताना ती स्टेशनवर पोटभर चरचरीत खाऊन, वर तोंड धुऊन मगच घरी यायची. बाई तिला दटावायच्या, "बापाच्या जिभेवर हे घर चाललंय, कळलं? त्याच जिभेने तुझी फी भरली." आणि ते खरंही होतं.

तर अशा त्या टेस्टरीणबाई, देवळात शिरावं तशा बेताने जिना चढून वर गेल्या. उजवीकडे काचेचं दार होतं. आत लांबच लांब पांढरं टेबल, त्यावर पांढऱ्या वाट्यांची रांग, प्रत्येक वाटीच्या तळाशी चिमूटभर हिरवा पाला. एप्रन घातलेली एक तरुण मुलगी किटलीतून वाट्यांत पाणी ओतत होती आणि पाण्याच्या नुसत्या वाफा निघत होत्या.

"अहो, अहो! उकळतं पाणी! कडू होईल ना!" बाईंच्या तोंडून निघूनच गेलं.

घरी दर रविवारी साहेब स्वतःच्या हाताने बाईंना हा चहा करून द्यायचे. पाणी किटलीतून एका भांड्यात, त्या भांड्यातून दुसऱ्यात, मग कपांत, आणि बोट लावून सोसवेल इतकं निवलं की मग कुठे चहादाणीतल्या पाल्यावर. तोवर बाईंची पाठ दुखून यायची. 'पाल्याला चटका बसता कामा नये. धीर पाहिजे,' हे त्यावरचं भाषण. आणि इथे ही पोरगी आंघोळीचं पाणी ओतावं तशी उकळतं पाणी ओतत होती.

मुलगी हसली. "व्हायलाच हवा कडू, काकू. इथे आम्ही चहा पीत नाही, पकडतो. निवलेल्या पाण्यात वाईट पालासुद्धा गोड लागतो हो. उकळत्या पाण्यात त्याला लपायला जागा नाही. असेल नसेल ती खोट बाहेर येते. या ना, आत या. कोण हवंय तुम्हाला?"

"टेस्टरसाहेब."

"मीच की. बोला."

बाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी साहेबांचं वर्णन केलं. उंच, मधे टक्कल, पांढरा शर्ट, बोलताना डावा हात हलवतात.

"अय्या, काका! लेबलवाले काका म्हणा ना. ते खाली गोदामात असतात. थांबा, बोलावते."

"नको, नको," बाई घाईने म्हणाल्या. "कामात असतील. कधीपासून आहेत हो ते खाली?"

"मी लागले त्याच्या आधीपासून. मलाच पाच वर्षं झाली. पूर्वी ते याच टेबलावर होते म्हणतात. पुढे काय झालं कोणास ठाऊक, मी काही विचारलं नाही. पण माणूस फार चांगला. संध्याकाळी जाताना वर डोकावतात आणि विचारतात, आज काय निघालं गं?" बोलता बोलता तिने चमचा उचलला, एका वाटीतला चहा सुर्रकन ओढला, तोंडात घोळवला आणि बाजूच्या मोरीत थुंकून टाकला. "हं. मागच्याच मालातला आहे. कोवळं गवत, समुद्राचा वारा, शेवटी गोडवा, पण लाजरा."

बाईंच्या हातातली पिशवी घसरली. लाजरा गोडवा. हे मागच्याच रविवारी साहेब म्हणाले होते, डोळे मिटून, अगदी याच क्रमाने. बाईंना तेव्हा केवढं कौतुक वाटलं होतं. या वयात माणसाला असे शब्द सुचतात, म्हणून त्यांनी रात्री लेकीलाही फोनवर सांगितलं होतं.

"हे शब्द तुमचे?" त्यांनी विचारलं.

"माझेच. डब्याच्या लेबलावर छापतात ना ते. मी लिहिते, काका चिकटवतात. 'लाजरा' वाचून तर काका खूप हसले होते."

बाईंनी पिशवी उचलली. विचारू नये असं वाटत होतं, तरी त्यांनी विचारलंच, "आणि तुमचं जेवणखाण? म्हणजे लसूण वगैरे बंदच असेल ना तुम्हाला?"

"छे हो! बंद केलं तर जगू कशी? सकाळी चाखायच्या आधी काही खात नाही आणि दात नीट घासते, बस. बाकी आमच्याकडे लसणाशिवाय पान हलत नाही."

असं आहे तर. बाईंनी रुमालातला चष्मा काढून टेबलाच्या कडेला ठेवला. "एवढा त्यांना द्या. गेटपाशी सापडला म्हणून सांगा."

मुलीच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं. "काकू, तुम्ही काकांच्या कोण?"

"शेजारीण," बाई म्हणाल्या आणि बाहेर पडल्या.

जिन्याच्या मधल्या खिडकीतून गोदाम दिसत होतं. खोक्यांच्या भिंतीआड एका स्टुलावर साहेब बसले होते. अंगात तोच पांढरा शर्ट, जो बाई रोज इस्त्री करून देत होत्या, टेस्टरला पांढराच लागतो म्हणून. चष्मा नव्हता, त्यामुळे त्यांनी लेबल हातभर लांब धरलं होतं, मान मागे नेली होती आणि डोळे बारीक करून उलटसुलट बघत होते. मग त्यांनी ते डब्यावर लावलं आणि अंगठ्याने कडेपर्यंत नीट दाबून बसवलं. पुढचा डबा घेतला. बाईंना वाटलं, आपल्याला यांची दया यायला हवी. ती काही आली नाही. त्यांना आई आठवली.

आई म्हणजे बाईंची आई. तीन वर्षांपूर्वी ती शेवटची म्हणून त्यांच्याकडे राहायला आली. आतल्या लहान खोलीत तिची कॉट होती. अन्न जाईना. मऊ भाताचा घास तोंडात धरून बसायची आणि मग लहान मुलासारखी बाहेर काढून टाकायची. एक दिवस म्हणाली, "सगळं पुठ्ठ्यासारखं लागतं गं. थोडा लसूण परत ना तेलावर. मी खाणार नाही, मला पचायचा पण नाही. नुसता वास येऊ दे. तुझे वडील असताना आपल्या घरात सकाळ व्हायची ती त्या वासाने."

बाईंनी साहेबांना विचारलं. ते चिडलेसुद्धा नाहीत. खुर्ची ओढून, शांतपणे समजावून सांगितलं. नव्या मोसमाचे नमुने आलेत. वर्षाचा सगळा व्यवहार या दिवसांवर असतो. थोडी कळ काढ, मोसम संपला की खुशाल परत, मी स्वतः बाहेर जाऊन बसेन. बाईंनी आईला तसं सांगितलं. आई म्हणाली, "बरोबर आहे बाई. जावयाच्या पोटावर पाय नको." आणि मोसम संपायच्या आत ती गेली.

त्याबद्दल बाईंनी साहेबांना एका शब्दाने दोष दिला नव्हता. उलट भेटायला आलेल्यांना त्या सांगायच्या, आईने शेवटपर्यंत किती समजून घेतलं बघा. आता जिन्यात उभ्या राहून त्यांनी हिशेब मांडला. मुलीला लागून पाच वर्षं. आईला जाऊन तीन. कसला मोसम आणि कसले नमुने! त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या खाली उतरल्या. वॉचमनने भेटले का म्हणून विचारलं तर त्याला हो म्हणाल्या.

येताना बसस्टॉपजवळच्या नेहमीच्या दुकानात त्यांनी लसणाचे गड्डे घेतले. दुकानदार म्हणाला, "आज नवीनच? पाहुणे येणारेत वाटतं."

संध्याकाळी साहेब आले ते डोळ्यांवर चष्मा लावूनच. "गंमत बघ, चष्मा गेटपाशी सापडला. खिशातून पडला असणार."

"सकाळी घालून गेला होतात?"

"म्हणजे काय! घालूनच गेलो होतो."

बाईंनी ताट वाढलं. उकडलेली भाजी, मऊ भात. साहेब हात धुऊन बसले. रोज विचारायच्या तसं बाईंनी विचारलं, "आज काय चाखलं?"

"माल चांगला होता आज. पण एका नमुन्याला ओल लागलेली. मी लगेच बाजूला सारला. ती नवी पोरगी आहे ना, माझ्या हाताखाली, तिला नाही कळलं. म्हटलं, घाई करू नकोस, जिभेवर घोळव आधी."

"हाताखाली?"

"हं. हुशार आहे तशी. शिकेल हळूहळू." साहेबांनी भाताचा घास घेतला. "भाजीत आज मीठ जरा जास्त पडलंय का गं? बघ हो. नवे नमुने आलेत. जपलं पाहिजे."

बाईंनी भाताचा डाव पातेल्यात ठेवला. सगळं तोंडाशी आलं होतं. पण त्या स्वतःला ओळखून होत्या. विचारलं तर हा माणूस काहीतरी सांगेल. छान सांगेल, शांतपणे सांगेल, खुर्ची ओढून सांगेल, आणि आपण मान डोलावू. शब्दांत त्यांना हरवणं बाईंना उभ्या जन्मात जमलं नव्हतं. तेव्हा त्यांनी नुसतं पाणी वाढलं.

जेवणं झाल्यावर साहेब बाहेरच्या खोलीत बातम्या लावून बसले. बाईंनी स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं. हिरव्या चहाचा डबा एका वेगळ्या फळीवर असायचा. त्या फळीवर दुसरं काही म्हणजे काही ठेवायचं नाही. 'या पाल्याइतकं हळवं काही नाही. ज्याच्या शेजारी बसेल त्याचा वास घेईल,' हेही साहेबांचंच. बाईंनी लसणाचे गड्डे फोडले, पाकळ्या सोलल्या, बत्त्याने ठेचल्या. किती वर्षांनी तो वास नाकात शिरला! डोळ्यांना पाणी आलं, ते लसणाचं की कशाचं हे त्यांनी बघितलं नाही. ठेचा एका वाटीत घालून वाटी मोठ्या पातेल्यात ठेवली, शेजारी चहाचा डबा उघडा करून ठेवला आणि वर घट्ट झाकण लावलं.

मनात एकच वाक्य तयार होतं. सकाळी डबा उघडला की साहेब ओरडणार, लसूण! कोणी आणला घरात लसूण? मग आपण म्हणायचं, आता लसणाने काय बिघडतंय हो, लेबलवाले काका? आणि मग आईचं विचारायचं. त्याचं उत्तर मिळाल्याशिवाय चुलीपासून हलायचं नाही. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी ते वाक्य घोकून ठेवलं.

सकाळ झाली. रविवार होता. बाईंनी साहेबांच्या आधी उठून डबा पातेल्यातून काढला, झाकण लावून फळीवर जागच्या जागी ठेवला. साहेब आंघोळ करून, स्वच्छ शर्ट घालून स्वयंपाकघरात आले. त्यांनी टेबलावर पांढरा नॅपकिन पसरला, छोटी चहादाणी मांडली, दोन कप मांडले. किटली ठेवली. मग डबा काढला.

झाकण निघालं आणि टेबलाच्या या टोकाला बसलेल्या बाईंना लसणाचा भपकारा आला. साहेबांनी नेहमीप्रमाणे डबा नाकाशी नेला, डोळे मिटले, लांब श्वास घेतला.

"आहा," ते म्हणाले. "अजून ताजा आहे."

बाईंना वाटलं, नाटक! कळलंय यांना. सगळं कळलंय आणि आता माझ्यावरच बाजी उलटवतायत. माणूस तरी किती कोडगा असावा!

"आज उकळतं पाणी घाला," त्या म्हणाल्या.

"काय?"

"उकळतं. निववू नका."

"अगं, कडू होईल."

"होऊ दे. मला एकदा बघायचाय."

साहेबांनी खांदे उडवले, चहादाणीत पाला घातला आणि किटली तशीच तिच्यात रिकामी केली. वाफ वर आली. आणि तिच्याबरोबर तो वास सगळ्या स्वयंपाकघरात भरला, भिंतींना लागला, बाईंच्या केसांत शिरला. त्यांना वडिलांच्या घरातली सकाळ आठवली, चुलीपुढे पाठमोरी बसलेली आई आठवली. साहेब मान खाली घालून दोन्ही कपांत थोडा थोडा चहा ओतत होते. त्यांच्या तोंडावर काही नव्हतं. कपाळाला आठी नव्हती आणि हसूही नव्हतं.

त्यांनी घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "थू! म्हटलं नव्हतं तुला? कडूजहर झालाय." मग कप पुन्हा नाकाशी नेला. "पण वास बघ. वास हरवला नाही. कोवळं गवत. समुद्राचा वारा." आणि त्यांनी बाईंकडे बघितलं.

त्या बघण्यात नाटक नव्हतं. बाईंना ते बघणं ओळखीचं होतं. गेली कित्येक वर्षं दर रविवारी शब्द बोलून झाले की साहेब असेच त्यांच्याकडे बघायचे, आणि बाई मान डोलावून "हो" म्हणायच्या. त्यांना वाटायचं, मास्तर बघतात तसं बघतायत, आपल्याला कळलं की नाही ते. मधे मधे तर चहाला पुठ्ठ्याचा, जुनाट वास यायचा, तरी बाई "हो" म्हणायच्या. टेस्टर ते, आपण कोण! आपलंच नाक बिघडलं असेल. आता त्यांना कळलं की परीक्षा त्यांची नव्हतीच. साहेब आपला निकाल बघायला त्यांच्या तोंडाकडे बघत होते, आणि दर रविवारी बाई त्यांना पास करत होत्या.

साहेबांना वास येत नव्हता. कडू कळत होतं, खारट कळत होतं, पण वास म्हणून काही उरलाच नव्हता. मग एकेक आठवायला लागलं. शेजारणीने दिलेली फुलं दिसली तेव्हा त्यांनी घर डोक्यावर घेतलं होतं. पण लेक येऊन गळ्यात पडली, तिने एवढा सेंट मारलेला, तेव्हा काही बोलले नाहीत. त्यांच्या समोर गॅसवर दूध करपून कोळसा झालं तरी ते पेपर वाचत बसले होते. बाईंनी तेव्हा हसून सोडून दिलं होतं. जो वास डोळ्यांना दिसेल त्याच्यावरच हा माणूस ओरडत होता. सहा वर्षांपूर्वी ते तापाने पंधरा दिवस अंथरुणाला खिळले होते. त्यातून उठले आणि पथ्य आणखी कडक झालं होतं.

म्हणजे आईचा लसूण त्यांच्या नाकाखाली परतला असता तरी त्यांना पत्ता लागला नसता. दार लावून घ्यायचीसुद्धा गरज नव्हती. कोणाचं काहीच गेलं नसतं, आणि आईला एक सकाळ मिळाली असती. बाईंना ओरडावंसं वाटलं. लेबलवाले काका हे वाक्य जिभेवर होतं. पण ज्याच्यासाठी ते घोकलं होतं तो माणूस समोर नव्हताच. समोर एक म्हातारा कप धरून बसला होता आणि बाईंच्या मान डोलावण्याची वाट बघत होता.

"हो ना?" साहेबांनी विचारलं. असं त्यांनी पूर्वी कधी विचारलं नव्हतं.

बाईंनी मान हलवली नाही.

"लसूण आहे त्यात," त्या म्हणाल्या. "रात्रभर डब्याशेजारी ठेवला होता. आईला हवा होता ना, तो."

साहेबांचा कप हातातच राहिला. मग हळूच म्हणाले, "कंपनीत आली होतीस तू. चष्मा."

"हो."

"तापात गेला वास. डॉक्टर म्हणाले, येईल परत. मी वाट बघत होतो." त्यांचा डावा हात हलला आणि टेबलावर पडला. "तिथे मी काका झालो. घरात तरी टेस्टर राहू दे म्हटलं."

"आणि आई?"

साहेबांनी तोंड उघडलं. बाई थांबल्या. खुर्ची ओढली गेली नाही, समजूत निघाली नाही. त्यांनी फक्त कप परत नाकाशी नेला. डोळे मिटले. या वेळी ते खरोखर शोधत होते, ओठ घट्ट दाबून, कपाळाच्या शिरा ताणून.

"येतो का?" बाईंनी विचारलं.

त्यांनी नकारार्थी मान हलवली, पण कप खाली ठेवला नाही. कपातली वाफ थांबली तरी तो त्यांनी तसाच नाकाशी धरून ठेवला होता.

बाईंनी स्वतःचा कप उचलला. चहा कडूजहर होता आणि त्यात लसूण होता, घशापर्यंत. त्यांनी तो घोट घोट करत, तळाशी पाला लागेपर्यंत प्यायला. मग किटली पुन्हा गॅसवर ठेवली, पाणी खळखळून उकळू दिलं, आणि त्याच पाल्यावर दुसऱ्यांदा ओतलं. एकच कप भरला आणि तो घेऊन त्या आतल्या लहान खोलीत गेल्या. तिथे आता कॉट नव्हती. कप त्यांनी खिडकीत ठेवला आणि वास येईल इतपत लांब, भिंतीला टेकून, खाली बसल्या.